वेर्दिक्कियो: बाटली निवडण्यापासून ताटापर्यंत

इटालियन पांढरी वाइन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना पिनो ग्रिजो आठवते, फार तर फेसाळणारी प्रोसेक्को. दोन्हींबद्दल माझी तक्रार नाही. पण ज्यांना वाइन नुसती प्यायची नसून जेवणासोबत घ्यायची आहे, त्यातही माशांसोबत, त्यांनी सुरुवात वेर्दिक्कियोपासून करावी असं माझं मत आहे. ही वाइन एकटी प्यायली तर थोडी अबोल वाटते. शेजारी तळलेला मासा आला की बोलायला लागते. तिची पारख जिभेला ती लागते त्या क्षणी करायची नाही, घोट गिळल्यावर करायची. हे लक्षात राहिलं तर पुढच्या सगळ्या पायऱ्या सोप्या आहेत.

वेर्दिक्कियो हे द्राक्षाचं नाव आणि त्याच्या वाइनचंही. ते पिकतं मध्य इटलीतल्या मार्के प्रांतात. टस्कनी आणि उंब्रिया ओलांडून पूर्वेला गेलं की अपेनाइन डोंगररांग लागते. ती उतरली की एड्रियाटिक समुद्रापर्यंत टेकड्यांची उतरंड आहे, ती म्हणजे मार्के. राजधानी आंकोना, जुनं बंदर. टस्कनीत पाय ठेवायला जागा नसते तेव्हाही इकडे पर्यटक त्या मानाने कमी फिरकतात, आणि याचा फायदा वाइन घेणाऱ्याला होतो: त्याच दर्जाची पांढरी वाइन नामांकित भागातली घ्यायला गेलात तर सहसा जास्त पैसे मोजावे लागतात.

पहिली पायरी: लेबल वाचायला शिका

दुकानात दोन नावं दिसतील. एक ‘वेर्दिक्कियो देई कास्तेल्ली दी येझी’ आणि दुसरं ‘वेर्दिक्कियो दी मातेलिका’. येझी हे शहराचं नाव. रोमन लिपीत ते ‘जे’ अक्षराने सुरू होतं, त्यामुळे बरेच जण ‘जेसी’ म्हणतात. तिथले लोक येझी म्हणतात. मध्ययुगातला सम्राट फ्रेडरिक दुसरा इथेच ११९४ साली जन्मला. कास्तेल्ली म्हणजे या शहराभोवती टेकड्यांवर वसलेली तटबंदीची छोटी गावं. त्यांतलं कुप्रामोंताना स्वतःला वेर्दिक्कियोची राजधानी म्हणवतं. दर ऑक्टोबरात तिथे द्राक्षांची जत्रा भरते आणि गावात वाइनच्या लेबलांचं एक संग्रहालयही आहे. नुसती लेबलं पाहायला कोण जाईल असं वाटतं खरं, पण इटलीत अशा गोष्टी चालतात.

नावाखाली ‘डीओसी’ ही अक्षरं असतील. द्राक्षं कुठल्या हद्दीतली हवीत, कुठल्या वाणाची आणि किती, एकरी उत्पादन किती घ्यायचं, वाइन कशी करायची, याचे कायद्याने ठरलेले नियम पाळले गेलेत, एवढाच त्याचा अर्थ. चव चांगली असेल याची ती हमी नाही. मातेलिकाला हा दर्जा १९६७ साली मिळाला, येझीला १९६८ साली. दोन्हीकडे वाइनमध्ये किमान ८५ टक्के वेर्दिक्कियो असावं लागतं. चांगले उत्पादक बहुधा शंभर टक्के तेच वापरतात.

त्याच्या शेजारी आणखी दोन-तीन शब्द असू शकतात आणि पैसे कशासाठी मोजायचे ते त्यांवरच ठरतं.

‘क्लासिको’ म्हणजे येझीच्या भागातला मूळ, जुना पट्टा. तिथल्या बहुतेक बाटल्या यातल्याच असतात, म्हणून या एका शब्दावर फार भाळू नका.

‘सुपेरिओरे’ हा शब्द मात्र महत्त्वाचा. इथे एकरी उत्पादनाची मर्यादा कमी आणि अल्कोहोल किमान १२ टक्के. वेलीवर घड कमी ठेवले की उरलेल्या घडांत रस दाट उतरतो आणि पेल्यात तो फरक कळतो. पहिली बाटली घेणाऱ्याला मी डोळे मिटून ‘क्लासिको सुपेरिओरे’ सांगतो. साध्या बाटलीपेक्षा थोडी महाग पडते, पण वेर्दिक्कियो म्हणजे काय हे तिच्यातूनच कळतं.

‘रिझेर्वा’ ही वरची पायरी. तिला डीओसीच्या वरचा, म्हणजे डीओसीजी दर्जा आहे. किमान १८ महिने मुरवल्याशिवाय ती विकता येत नाही आणि अल्कोहोल किमान १२.५ टक्के लागतं. ही पहिल्यांदाच घेऊ नका. आधी कोवळी वाइन प्या, मग मुरलेली. उलट केलंत तर कोवळी उगाच पाणचट वाटेल.

याशिवाय ‘स्पुमांते’ म्हणजे फेसाळणारी आणि ‘पास्सितो’ म्हणजे द्राक्षं सुकवून केलेली गोड. द्राक्ष मुळातच चांगलं आंबट असल्याने दोन्ही जमून येतात. पण सुरुवातीला त्या बाजूला ठेवल्या तरी चालेल.

बाटलीच्या आकाराबद्दलही सांगायला हवं. कमरेत आवळलेली, प्राचीन सुरईच्या घाटाची हिरवी बाटली दिसली तर दचकू नका. फात्सी बात्ताल्या या कंपनीसाठी अंतोनियो मायोक्की या वास्तुरचनाकाराने १९५३ साली ती बाटली रेखाटली. गळ्यात एक इवलीशी कागदाची गुंडाळी बांधलेली असे. बाटली जगभर गाजली, वेर्दिक्कियोचं नाव तिने घरोघर पोचवलं आणि त्याच बाटलीने नुकसानही केलं: लोक तिला मासळीच्या खानावळीतली स्वस्त, गमतीची वाइन समजू लागले. पुढे अनेक उत्पादकांनी साध्या बाटल्या वापरायला सुरुवात केली ती या प्रतिमेतून सुटण्यासाठी. आज या आकारावरून चांगलं-वाईट काहीच ठरत नाही.

दुसरी पायरी: समुद्राकडची की डोंगरातली

येझीच्या टेकड्या समुद्राच्या बाजूला मोकळ्या आहेत. एसिनो नदीच्या खोऱ्यातून खारा वारा आत येतो, हवा फार टोकाची होत नाही. इथली वाइन थोडी गोलसर, भरलेली: पिवळं सफरचंद, लिंबाची साल, कॅमोमाइलच्या फुलांचा मंद वास, कधी हिरव्या बडीशेपेची झाक.

मातेलिका त्याच नदीच्या वरच्या अंगाला, डोंगरात आहे. तिथली दरी उत्तर-दक्षिण पसरलीय आणि समुद्राच्या बाजूला डोंगराची भिंत उभी आहे. त्यामुळे समुद्राची ऊब आत पोचत नाही. दिवस तापतात, रात्री गार पडतात. रात्री गारठा असला की द्राक्षातला आंबटपणा टिकून राहतो. म्हणून मातेलिकाची वाइन जास्त धारदार, सडपातळ आणि ताठ असते. तिथे उत्पादन येझीच्या तुलनेत खूपच कमी, त्यामुळे बाटली शोधावी लागते.

निवड कशी करायची? शिंपले, कोळंबी, वाफवलेला किंवा भाजलेला मासा, मऊ चीज असेल तर येझी. तेलकट, तुपकट, तळलेलं असेल, किंवा डुकराचं मांस असेल, तर मातेलिका. तिची धार तेल कापते. हा नियम लोखंडी नाही, पण नवख्याला पुरेसा आहे.

उत्पादकांची काही नावं लक्षात ठेवा. येझीकडे सार्तारेल्ली, गारोफोली, उमानी रोंकी, पिएवाल्ता. मातेलिकाकडे ला मोनाचेस्का, कोल्लेस्तेफानो आणि बेलिसारियो ही सहकारी संस्था. रिझेर्वाच्या वाटेला जायचं झालं तर विल्ला बुच्चीचं नाव निघतंच. जुन्या, मोठ्या ओकच्या पिंपांत मुरवलेली ही वाइन चांगल्या सालीच बाजारात येते. मोठं आणि जुनं पिंप घेण्यामागे हेतू असा की लाकडाची चव वाइनमध्ये उतरू नये, फक्त हळूहळू श्वास मिळावा.

एकही नाव मिळालं नाही तर? गार्दा सरोवराकाठची ‘लुगाना’ विचारा. तिथे ज्याला तुर्बियाना किंवा त्रेब्बियानो दी लुगाना म्हणतात ते द्राक्ष जनुकीय चाचण्यांत वेर्दिक्कियोचं सख्खं निघालं आहे. चव थोडी मवाळ, पण घराणं तेच.

तिसरी पायरी: किती थंड, कशात

कोवळी वाइन ८ ते १० अंशांवर, रिझेर्वा १२ अंशांच्या आसपास. घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर असतो. म्हणजे फ्रीजमधून काढून थेट ओतली तर वास बंद राहतो आणि हाती फक्त थंड आंबट पाणी लागतं. बाटली पंधरा-वीस मिनिटं आधी बाहेर काढा. मे महिन्यात पुण्या-मुंबईत असाल तर पाच-सात मिनिटं पुरतात, आणि पेल्यात थोडी थोडीच ओता, बाटली पुन्हा गारव्यात ठेवा.

फ्रीजमध्ये ठेवायला विसरलात तर बादलीत निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली गळ्यापर्यंत बुडवा. नुसत्या बर्फापेक्षा पाण्यातला बर्फ बाटलीला सगळीकडून भिडतो, म्हणून लवकर गार करतो. फ्रीझरमध्ये ठेवून विसरणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही.

पेला वरच्या बाजूला किंचित निमुळता असावा, एक तृतीयांशच भरावा. दांडा धरावा, पोट धरू नये. हाताची ऊब वाइनला नको असते. बुचाऐवजी फिरकीचं झाकण असेल तर त्यात कमीपणा काही नाही.

चौथी पायरी: चव घेताना शेवटाची वाट पाहा

पेला उजेडात धरा. कोवळ्या वेर्दिक्कियोत पिवळ्यामध्ये हिरवट छटा असते. वास घ्या, फार ओळखीचं काही शोधू नका. आता लहानसा घोट घ्या, तोंडात फिरवा, गिळा आणि थांबा.

आधी आंबटपणा येईल, लाळ सुटेल. त्यामागून किंचित खारटपणा. आणि सगळं ओसरल्यावर जिभेच्या मागच्या बाजूला भिजवलेल्या बदामाच्या सालीचा कडसरपणा येतो. तो या द्राक्षाचा स्वभाव आहे. नवखे लोक इथे ‘वाइन कडू झालीय’ म्हणून पेला खाली ठेवतात. थांबा. ताटातला एक घास खा, पुन्हा घोट घ्या. तेल, मीठ किंवा चरबी तोंडात असली की तोच कडसरपणा तोंड साफ करतो आणि पुढच्या घासाची इच्छा जागी करतो. म्हणूनच मी म्हणतो की ही वाइन ताटाशिवाय पारखू नये.

कडवटपणा घोटाच्या सुरुवातीलाच येत असेल, वास बुरसटलेल्या पुठ्ठ्यासारखा असेल, तर ती बाटली खरोखर बिघडलीय. परत करायला संकोच करू नका.

पाचवी पायरी: मार्केच्या ताटातून जोडी समजून घ्या

जिथली वाइन तिथलं जेवण हा नियम सगळीकडे चालत नाही. मार्केत तो चालतो, कारण तिथल्या पदार्थांत तेल, व्हिनेगर आणि रानबडीशेप या तिन्हींचा वापर सढळ आहे आणि वेर्दिक्कियो तिन्हींना पुरून उरते.

सुरुवात ब्रोदेत्तोपासून. हा एड्रियाटिक किनाऱ्यावरचा माशांचा रस्सा. प्रत्येक बंदराचा वेगळा आणि प्रत्येकाला आपलाच खरा वाटतो. आंकोनाच्या ब्रोदेत्तोत टोमॅटो आणि व्हिनेगर असतं आणि परंपरेने तेरा प्रकारचे मासे हवेत असं सांगतात. पोर्तो रेकानातीत टोमॅटो नाही, रानकेशराचा पिवळा रंग असतो. दक्षिणेला सान बेनेदेत्तो देल त्रोंतोत हिरवे टोमॅटो, ढोबळी मिरची आणि पुन्हा व्हिनेगर. व्हिनेगर बहुतेक पांढऱ्या वाइनना मारतं: ताटातला आंबटपणा वाइनपेक्षा वरचढ झाला की वाइन मिळमिळीत लागते. वेर्दिक्कियोचा स्वतःचा आंबटपणा एवढा असतो की ती मागे हटत नाही. व्हिनेगरच्या रश्शाला मातेलिका किंवा तरुण सुपेरिओरे घ्या, केशराच्या रश्शाला येझी, शक्य असेल तर दोन-तीन वर्षांची.

स्तोक्काफिस्सो आल्लांकोनेताना हा आंकोनाचा दुसरा अभिमान. नॉर्वेतून येणारा, वाऱ्यावर लाकडासारखा वाळवलेला कॉड मासा कित्येक दिवस पाण्यात भिजवतात. मग बटाटे, टोमॅटो आणि हात न आखडता घातलेलं ऑलिव्ह तेल यांच्यासोबत मंद आचेवर शिजवतात. भांड्यात वेर्दिक्कियोही पडते. मासा तळाला लागू नये म्हणून खाली बोरूच्या काड्या अंथरायची जुनी रीत आहे. हा पदार्थ जड आहे. माशाला पांढरी हलकी वाइन असं गणित मांडून इथे साधी बाटली उघडलीत तर ती बुडून जाईल. इथे रिझेर्वा. मुरलेल्या वेर्दिक्कियोत मध, सुकं गवत, भाजलेला बदाम असे वास येतात आणि ती तेलाला अंगाने पुरी पडते.

आंकोनाजवळ कोनेरोच्या डोंगराखाली, पोर्तोनोवोच्या खडकांवर रानशिंपले मिळतात. तिथे त्यांना मोश्शोली म्हणतात. हे शेतीतले नव्हेत, खडकाला आपोआप लागलेले. कृती काहीच नाही: तेल, लसूण, पार्सली, झाकण, मिनिटं मोजून चार-पाच. सोबत सगळ्यात कोवळी, सगळ्यात साधी बाटली. इथे रिझेर्वा उघडणं म्हणजे पैसे वाया.

आतल्या भागात गेलात की रानबडीशेप येते. ‘इन पोर्केत्ता’ म्हणजे लसूण, डुकराची चरबी आणि रानबडीशेप भरून भाजणं. सशाचं मांस असं करतात ते मार्केचं रविवारचं जेवण. वेर्दिक्कियोत मुळातच बडीशेपेची झाक असल्याने ही जोडी इतकी जुळते की यासाठी लाल वाइन मागवणाऱ्याची मला कीव येते. चाउस्कोलो हे पावावर लोण्यासारखं पसरवता येणारं, डुकराच्या मांसाचं मऊ सॉसेज, त्यालाही मातेलिका.

तळलेल्या ऑलिव्हचा, म्हणजे ओलिव्हे आल्लास्कोलानाचा, उल्लेख केला नाही तर मार्केचे लोक रागावतील. बी काढून आत मांसाचं सारण, बाहेर पावाचा चुरा, मग तळण. वेर्दिक्कियो सोबत उत्तम. मात्र हा पदार्थ आस्कोली पिचेनोचा, आणि तिथे लोक त्यांच्या स्वतःच्या पेकोरिनो द्राक्षाची वाइन पुढे करतील. दोन्ही चालतात.

विंचिस्ग्रास्सी हा तिथला लझान्याचा भाऊ. मांसाचा रस्सा, कोंबडीच्या काळजा-पेट्यांचे तुकडे, दुधाचा पांढरा सॉस. लोक लाल वाइनकडे हात नेतात. चार-पाच वर्षांची रिझेर्वा एकदा देऊन पाहा. चीजमध्ये काशोत्ता दुर्बिनो, मेंढीच्या आणि गाईच्या दुधाचं कोवळं चीज, घ्या. निळ्या बुरशीची चीज टाळा. तिथे पास्सितो लागेल.

सहावी पायरी: आपल्या ओट्यावर आणताना

इथे जपून. आपल्या जेवणात अडचण मसाल्याची नसते, तिखटाची असते. अल्कोहोल तिखटाची जळजळ वाढवतं आणि तिखटापुढे या वाइनचा बारीक कडसरपणा खडबडीत लागतो. म्हणून मालवणी तिखलं, मटणाचा रस्सा, कोल्हापुरी काहीही यांच्यासोबत वेर्दिक्कियो नको. गोडसर पदार्थही नकोत. चिंच-गुळाच्या अळूवडीतला गूळ वाइनला आंबटढोण करून टाकतो.

जमतं ते तळलेलं आणि खारं. रव्यात घोळवून तळलेले बोंबील, सुरमईची तुकडी, बांगडा. मसाला हळद, मीठ, आलं-लसूण आणि बेताचं तिखट. वर लिंबू पिळायचं थांबा, ते काम वाइनला करू द्या. तिसऱ्या करायच्या तर खोबरं-मसाल्याचं सुकं न करता नुसत्या लसूण आणि मिरीवर वाफवा. शाकाहारी ताटात कोथिंबीर वडी सगळ्यात चांगली, मिरची आवरती ठेवून. तिची हिरवी चव आणि तळणाचं तेल दोन्ही वाइनला मानवतात. खारे काजू, खारे शेंगदाणे, मुगाची भजी हेही. सोलकढी मात्र जेवण संपल्यावर घ्या. दोन आंबट पेयं एकत्र आली की दोघांचंही काही कळत नाही.

आयात कर आणि राज्याचे कर मिळून इथे बाटलीची किंमत इटलीतल्या किमतीच्या कितीतरी वर जाते. म्हणून इथे साधी बाटली घेण्यात मला शहाणपण दिसत नाही. वाहतूक आणि कर सगळ्यांना लागणारच आहेत, तर सुपेरिओरेच घ्यावी. युरोपात राहणाऱ्यांची चैन आहे, त्यांनी दोन्ही भागांतली एकेक बाटली आणून एकाच जेवणाला शेजारी शेजारी ठेवावी. दुकानात बाटली उन्हात किंवा दिव्याखाली उभी असेल तर घेऊ नका, आणि कोवळी वाइन घेताना वर्ष पाहा. साधी बाटली दोन-तीन वर्षांच्या आतली हवी. रिझेर्वा गारव्यात ठेवली तर दहा वर्षंही तग धरते. मात्र आपल्या घरातल्या कपाटाला गारवा म्हणत नाहीत.

उरली तर

बूच परत लावून फ्रीजमध्ये उभी ठेवा. कोवळी दोन-तीन दिवस चांगली राहते, रिझेर्वा आणखी एखादा दिवस; दुसऱ्या दिवशी ती कधी कधी जास्त खुलते. त्यानंतर स्वयंपाकात वापरा. कढईत तेल तापवून चार लसणीच्या पाकळ्या ठेचून टाका, धुतलेल्या तिसऱ्या घाला, अर्धा पेला वाइन ओता, झाकण ठेवा. शिंपले उघडले की आच बंद करा. जे उघडले नाहीत ते फेकून द्या. मीठ घालण्याआधी रस चाखा, शिंपल्यांत ते असतंच. तो रस टिपायला पाव लागेल, तो आधीच आणून ठेवा.